रेड वाइन की कॅप्सूल? आधी कोलेस्टेरॉलच्या गोळीचं बोलू

वाचकाचा प्रश्न

एका ५४ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. यजमान ५९ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, रक्तदाबाची एक आणि कोलेस्टेरॉलची एक, अशी औषधं चालू आहेत. ते कधीच पिणाऱ्यांतले नव्हते. पण रेड वाइनमधलं रेझवेराट्रॉल नावाचं नैसर्गिक द्रव्य हृदयाला चांगलं असतं, असं वाचल्यापासून रोज रात्री जेवणाआधी एक ग्लास घेतात, ‘औषध म्हणून’. ताईंना ते पटत नाही आणि त्यावरून घरात खटके उडतात. शेवटी मुलीने मधला मार्ग काढला. रेझवेराट्रॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणून दिल्या: बाबा, वाइन सोडा, हे घ्या. आता यजमानांचं म्हणणं असं, की एवढी नैसर्गिक गोष्ट हाताशी आहे तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून बघू, नाही तरी तिने पाय दुखतात. ताई विचारतात, ‘वाइन आणि कॅप्सूल यातलं कमी वाईट काय? मला मुळात दारूचाच तिटकारा आहे म्हणून मी विरोध करते, असं हे म्हणतात. तसं असेल का? आणि माझे गुडघे दुखतात, ही कॅप्सूल मीही घेतली तर चालेल का?’

उत्तर

ताई,

तुम्ही वाइन आणि कॅप्सूलबद्दल विचारलंत, पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून बघू.’ वाइनचं काय करायचं यावर तुम्ही दोघं अजून महिनाभर वाद घातलात तरी आभाळ कोसळणार नाही. ही गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, हे आधी ठरवून टाका आणि मग पुढचं वाचा. हेच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनाही लागू. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून त्या दिलेल्या असतात. त्या कधी कमी करायच्या आणि कधी थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्या असतात, त्या बहुधा स्टॅटिन गटातल्या. त्यांच्यामागे पुरावा किती आहे हे यजमानांना एकदा आकड्यांत सांगा. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १ लाख ७० हजार माणसं होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ अंकांनी उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक, पुन्हा अँजिओप्लास्टी करावी लागणं अशा घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, असं त्यातून दिसलं. रेझवेराट्रॉलच्या बाजूने असं काहीही नाही. त्याने एलडीएल भरवशाने उतरतं असं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं ठेवण्याचा हिशोब इथेच चुकतो.

पण पाय दुखतात हे यजमानांचं गाऱ्हाणं खोटं मानू नका. स्टॅटिन घेणाऱ्या काहींना स्नायू दुखण्याचा त्रास होतो आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. डोस कमी करता येतो, त्याच गटातली दुसरी गोळी देता येते, दिवसाआड देता येते, एझेटिमाइबसारखं वेगळं औषध जोडता येतं. गरज वाटली तर स्नायूंची झीज होतेय का, हे रक्तातल्या सीपीके या घटकाच्या तपासणीवरून बघतात. हे सगळं शक्य आहे, पण त्यासाठी ‘पाय दुखतात’ हे डॉक्टरांच्या कानावर जायला हवं. तपासणीच्या खोलीत ‘सगळं ठीक आहे’ म्हणून बाहेर येणारी आणि गाडीत बसल्यावर तक्रारींचा पाढा वाचणारी माणसं मला अनेक पत्रांतून भेटतात. तुमचे यजमान त्यातले असतील तर पुढच्या वेळी तुम्ही सोबत जा आणि हे तुम्ही सांगा.

आता रेझवेराट्रॉलकडे येऊ. यजमानांनी जे वाचलं ते कुणी हवेतून काढलेलं नाही, म्हणून त्यांना वेड्यात काढू नका. या द्रव्याचा इतिहास खरोखर रंजक आहे.

जपानी संशोधक मिचिओ ताकाओका यांनी १९३९च्या सुमारास ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही द्राक्षातून नाही, व्हेराट्रम नावाच्या एका विषारी वनस्पतीच्या मुळातून. वनस्पती हे द्रव्य स्वतःच्या बचावासाठी तयार करतात. द्राक्षाच्या घडावर बुरशीचा हल्ला झाला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला, की सालीत रेझवेराट्रॉल वाढतं. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, म्हणून ते वाइनमध्ये उतरतं. व्हाइट वाइनमध्ये साली आधीच बाजूला काढतात, म्हणून तिथे ते फार कमी.

मग त्याचा हृदयाशी संबंध कुठून जोडला गेला? फ्रान्समध्ये लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात आणि तरी त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी कसं, हे कोडं संशोधकांना पडलं होतं. त्याला ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ म्हणतात. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात यावर एक भाग दाखवला गेला, त्याचं उत्तर कदाचित रेड वाइनच्या ग्लासात असेल असं त्यात सुचवलं गेलं, आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप झपाट्याने वाढला. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंमत अशी, की त्या लेखाचा भर अल्कोहोलचा प्लेटलेट्सवर, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या कणांवर, काय परिणाम होतो यावर होता, रेझवेराट्रॉलवर नव्हता. त्याच १९९२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइनमध्ये रेझवेराट्रॉल सापडल्याचं सांगितलं आणि लोकांनी दोन बातम्यांची गाठ मारून टाकली.

त्या कोड्याची दुसरी उत्तरं तेव्हाही होती, पण त्यांच्या जाहिराती निघत नाहीत. फ्रान्समध्ये मृत्यूच्या दाखल्यांवर हृदयविकाराची नोंद कमी होत होती, हे एक. दुसरं माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी १९९९ साली मांडलं. फ्रान्समधल्या लोकांच्या आहारातली जनावरांची चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल इतर देशांच्या मानाने उशिरा वाढलं. चरबीचा परिणाम धमन्यांवर दिसायला कित्येक वर्षं जातात. म्हणजे वाइनने वाचवलं असं म्हणण्याऐवजी भोग अजून यायचे होते, असं म्हणायला जागा होती.

पुढे प्रयोगशाळेतून मात्र एकाहून एक बातम्या आल्या. १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये कर्करोगाच्या संदर्भातला शोधनिबंध, २००३ मध्ये यीस्टचं आयुष्य वाढल्याचा, आणि २००६ मध्ये ‘नेचर’मधला तो गाजलेला उंदरांचा प्रयोग. चरबीयुक्त खुराकाने लठ्ठ झालेल्या उंदरांना रेझवेराट्रॉल दिल्यावर ते तसाच खुराक खाणाऱ्या इतर उंदरांपेक्षा निरोगी राहिले, जास्त जगले. जगभर मथळे झळकले. यजमानांनी वाचलेल्या लेखाचं मूळ बहुधा यातच कुठे तरी असणार. त्यानंतरचं तितक्या ठळक अक्षरांत छापून आलं नाही: साधा, नेहमीचा खुराक खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी पुन्हा तपासलं, तिथेही वाढलं नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या, हा हिशोब यजमानांसमोर बसून करा. त्या लठ्ठ उंदरांना रोज दर किलो वजनामागे साधारण २२ मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल मिळत होतं. उंदीर आणि माणूस यांच्या शरीराचा वेग वेगळा, म्हणून डोस बदलताना माणसासाठी तो सुमारे बारा पटींनी कमी धरतात. ७० किलोच्या माणसाला मग रोज १२५ मिलिग्रॅमच्या आसपास लागेल. रेड वाइनच्या लिटरमध्ये रेझवेराट्रॉल सरासरी २ मिलिग्रॅमच्या घरात असतं. द्राक्षाची जात, हवामान आणि वाइन करण्याची पद्धत यांनुसार ते कमीजास्त होतं, पण १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात एक मिलिग्रॅमचा एक तृतीयांश धरून चाला. उंदराची बरोबरी करायला रोज ४०० ग्लास. आणि त्या एक तृतीयांश मिलिग्रॅमबरोबर पोटात जातं ते १४ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, म्हणजे १४ हजार मिलिग्रॅम. तुमचे यजमान जे ‘औषध म्हणून’ घेतात, त्यात ते औषध नावापुरतंसुद्धा नाही. घेतली जाते ती वाइनच.

हे तपासून पाहण्याची एक चांगली संधी संशोधकांना इटलीत मिळाली. टस्कनीतल्या किआंती भागात, जिथे रेड वाइन रोजच्या जेवणात असते, ६५ वर्षांपुढच्या ७८३ लोकांच्या लघवीत रेझवेराट्रॉलचे अंश मोजले गेले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या शरीरात ते जास्त होतं आणि ज्यांच्यात कमी होतं, त्यांच्या आयुष्यमानात, हृदयविकारात किंवा कर्करोगात फरक आढळला नाही. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक काय आणि किती पितात हे त्यांच्या सांगण्यावर सोडलेलं नव्हतं, थेट लघवीत मोजलं होतं. म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

‘मग थोडी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं कसं आढळतं?’ हा यजमानांचा पुढचा प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. अशा पाहण्यांमध्ये ‘न घेणारे’ या रकान्यात दोन तऱ्हेचे लोक पडतात. जन्मभर न घेतलेले, आणि आजारी पडल्यामुळे डॉक्टरांनी बंद करायला लावलेले. हे दुसरे लोक त्या रकान्याची तब्येत बिघडवतात. शिवाय मोजकंच घेणाऱ्यांचं उत्पन्न, शिक्षण, खाणंपिणं, व्यायाम हे बऱ्याचदा आधीच बरं असतं, आणि श्रेय मात्र ग्लासाला मिळतं. २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाखांवर लोकांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्व आशियातल्या काही लोकांना जनुकीय कारणाने दारू सोसत नाही, त्यामुळे ते आपोआपच कमी पितात. त्या जनुकांवरून तुलना केली तेव्हा थोडं पिण्याने स्ट्रोकपासून मिळणारं ते ‘संरक्षण’ नाहीसं झालं. दारू जितकी जास्त तितका रक्तदाब आणि स्ट्रोकचा धोका जास्त, इतकं सरळ चित्र दिसलं.

अल्कोहोलला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या, गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच टाकलंय. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. वाइन, बिअर, व्हिस्की यांत ती भेद करत नाही. त्यात यजमानांची गोष्ट आणखी वेगळी. रक्तदाबाच्या गोळीच्या विरुद्ध दिशेने अल्कोहोल ओढतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याची जी थोडी शक्यता असते, ती दारूने वाढते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: तुम्हाला दारूचा तिटकारा असेल, आणि तरीही तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. फक्त वाद घालताना त्या वेगळ्या ठेवा. ‘आपल्या घरात हे चालायचं नाही’ असं म्हटलंत की ते तुमच्या तिटकाऱ्याबद्दल बोलतील. ‘तुमच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का, डॉक्टरांना विचारू’ म्हटलंत तर त्यांना गोळ्यांबद्दल बोलावं लागेल.

त्यांना वाइन आवडायला लागली असेल, हेही मनात धरा. दिवसभराचं काम संपल्यावर शांत बसून काही घेणं, त्यात त्यांना विरंगुळा मिळत असेल. तसं असेल तर तसं म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवडते म्हणून घेतो, असं म्हणणाऱ्या माणसाशी किती आणि कधी हे बोलता येतं. औषध म्हणून घेतो म्हणणाऱ्याला एक दिवस चुकवणंही अपथ्य वाटतं.

एक साधी गोष्ट करून बघा, भांडण न करता. रोजचा तो ग्लास घ्या, ते जिथपर्यंत वाइन ओततात तिथपर्यंत पाणी भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. वाइनचे ग्लास मोठ्या पोटाचे असतात, दीडशे मिलिलिटर त्यात तळाशी बसल्यासारखे दिसतात. घरातला ‘एक ग्लास’ मोजला की अनेकदा अडीचशेच्या पुढे निघतो. आकडा त्यांनाच वाचू द्या. तो रोजचा असेल, किंवा एकाचे दोन झाले असतील, तर हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. आणि एक सावधगिरी इतर वाचकांसाठीही: जे रोज बरंच जास्त घेतात त्यांनी एका रात्रीत बंद करू नये, अंगाला कंप सुटण्यापासून झटके येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत यावं. दीडशे-दोनशे मिलिलिटरवर असलेल्या माणसाला सहसा ही अडचण येत नाही.

मग कॅप्सूल? तिच्यात अल्कोहोल नाही, डोस भरघोस आहे, म्हणजे ‘कमी वाईट’ हीच, असं मुलीला वाटलं असणार. वरवर पाहता बरोबरच. पण हा भरघोस डोसच मला इथे नको वाटतो.

आधी हे बघा, की ५०० मिलिग्रॅम गिळले तरी रक्तात काय पोचतं. रेझवेराट्रॉल आतड्यातून चांगलं शोषलं जातं, पण आतडं आणि यकृत मिळून त्याचं लगेच रूप पालटून टाकतात. मूळ रूपात रक्तात फिरणारं द्रव्य एक टक्क्याहूनही कमी. काचेच्या बशीत पेशींवर जे करामती दाखवतं, ते शरीरात त्या मात्रेत पोचतच नाही. औषध कंपन्यांनीही यावर डोकं लावलं. सर्ट्रिस ही कंपनी याच संशोधनावर उभी राहिली, २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ती ७२ कोटी डॉलरला घेतली. रेझवेराट्रॉलच्या त्यांच्या खास प्रकाराची रक्ताच्या एका कर्करोगावरची चाचणी २०१० मध्ये काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्रास झाल्यावर थांबली आणि २०१३ मध्ये सर्ट्रिसला टाळं लागलं. त्यामागे साधे मूर्ख लोक नव्हते. जमलं असतं तर आज ते औषध म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालं असतं.

माणसांवरच्या चाचण्यांचं चित्र संमिश्र आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये ११ लठ्ठ पुरुषांना महिनाभर रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तदाब आणि साखरेच्या काही मोजमापांत थोडी सुधारणा दिसली. मधुमेह असलेल्यांच्या काही छोट्या चाचण्यांतही किंचित फायदा दिसला. पण महिनाभर, मूठभर माणसं, आणि मोजली काय तर रक्तातली मापं. हार्ट अटॅक टळले का, हे कोणी दाखवलेलं नाही. दुसरीकडे कोपनहेगनमधली २०१३ची चाचणी मला फार बोलकी वाटते. साधारण ६५ वर्षांच्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या २७ पुरुषांकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी डमी गोळी. डमी गोळीवाल्यांचा दम वाढला, रक्तदाब उतरला, कोलेस्टेरॉल सुधारलं. रेझवेराट्रॉलवाल्यांना व्यायामाचं तेवढं फळ मिळालं नाही. यजमान स्टेंटनंतर चालायला जात असतील, तर हे त्यांना जरूर सांगा.

अल्झायमरच्या रुग्णांवरच्या २०१५ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीत डोस दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत नेला होता. जीव धोक्यात आला नाही, पण मळमळ, जुलाब आणि वजन घटणं दिसलं, आणि मेंदूचं आकारमान डमी गोळीवाल्यांपेक्षा अधिक घटलं. त्या घटण्याचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांची मतं वेगळी आहेत. ‘काही झालं नाही तरी नुकसान तर नाही’ असं म्हणून गिळण्याजोगी ही गोष्ट नाही, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

आणि आता तुमच्या घराला थेट लागू होणारा भाग. निरोगी माणसांना चार आठवडे रोज एक ग्रॅम दिलं तेव्हा औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या काही विकरांचं (एन्झाइम्सचं) काम मंदावलं. त्यातलंच एक विकर ॲटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन अशा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा निचरा करतं. निचरा मंदावला की गोळी रक्तात साठते, आणि स्नायू दुखण्याचा त्रास वाढू शकतो. म्हणजे ज्या पायदुखीला कंटाळून यजमान ही कॅप्सूल घेऊ पाहतात, तीच वाढायची शक्यता. शिवाय रेझवेराट्रॉल स्वतः प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करतं. ज्याच्या पोटात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आधीच आहेत, त्याला तिसरं काही नको. कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी किंवा दात काढण्याआधीही अशी कॅप्सूल चालू असल्याचं सांगावं लागतं, ती ‘फक्त सप्लिमेंट’ आहे म्हणून माणसं सांगत नाहीत.

‘नैसर्गिक’ म्हणाल, तर मुलीने आणलेली बाटली उलटून बारीक अक्षरं वाचा. बाहेर द्राक्षांचा घड छापलेला असला, तरी आतलं रेझवेराट्रॉल बहुधा पॉलिगोनम कस्पिडेटम या वनस्पतीच्या मुळातलं असतं. मूळची पूर्व आशियातली, युरोप-अमेरिकेत उपटता उपटत नाही म्हणून बदनाम झालेली ही तणाची जात. अर्क नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यात इमोडिन येतं, ते रेचक आहे. अर्क किती शुद्ध आहे, म्हणजे ‘५० टक्के अर्क’ लिहिलंय की ‘ट्रान्स-रेझवेराट्रॉल ९८ टक्के’, हेही पाहा. इतर कोणी वाचक हे घेत असतील तर त्यांनी निदान एवढं तपासावं, आणि चालू औषधांच्या यादीत हे नाव लिहून ती यादी डॉक्टरांना दाखवावी.

या विषयाला फसवणुकीचाही एक डाग आहे. रेड वाइन आणि हृदय यावर लिहिणारे कनेटिकट विद्यापीठातले संशोधक दीपक दास यांनी आकडेवारी बनावट केल्याचे १४५ प्रकार विद्यापीठाच्या चौकशीत निघाले, २०१२ मध्ये ते जाहीर झालं. रेझवेराट्रॉलवरचं सगळं संशोधन त्यांच्यावर उभं नव्हतं, म्हणून तेवढ्यावरून सगळं खोटं म्हणू नये. जुने लेख वाचताना मात्र तारीख बघावी.

थोडक्यात वाइन की कॅप्सूल, याचं माझं उत्तर ‘दोन्ही नको’ असं आहे. पण मुलीची बाटली तिच्यासमोर कचऱ्यात टाकू नका. बाबांची काळजी वाटली आणि आई-बाबांचं भांडण मिटावं म्हणून तिने ती आणली. तिला यातली औषधांची बाजू सांगा आणि पुढच्या तपासणीला बाबांबरोबर तिलाही न्या. बाटली, वाइनचं मोजलेलं प्रमाण आणि पायदुखी कधीपासून आहे त्याची तारीख, हे तिन्ही तिच्या हातात द्या. पायदुखी वाइन सुरू होण्याआधीची की नंतरची, हे डॉक्टरांना हवंच असेल. लेकीने विचारलेलं वडील सहसा टाळत नाहीत. द्राक्षं, शेंगदाणे, तुती, जांभळ्या रंगाची बेरीवर्गीय फळं यांत रेझवेराट्रॉल किंचित असतं, ती आवडीने खावीत. त्यातून रेझवेराट्रॉलचा डोस मिळेल असं मात्र समजू नका. चांगली ती फळं आहेत म्हणून.

राहिले तुमचे गुडघे. गुडघ्याच्या संधिवातावर रेझवेराट्रॉल देऊन फ्रान्समध्ये एक नीट आखलेली चाचणी झाली, तिचे निकाल २०२४ मध्ये आले. डमी गोळीपेक्षा दुखणं कमी झालं नाही. दुसरं, हे द्रव्य शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) जागी काही अंशी काम करतं. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या, किंवा घरात तसा इतिहास असलेल्या बायकांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. तुमच्या वयाला गुडघ्यांसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन थोडं जास्त असेल तर ते उतरवणं, यांच्यामागे भक्कम पुरावा आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, दोन-तीन महिने नेमाने करा. यजमानांच्या तपासणीची तारीख ठरवाल तेव्हा स्वतःचीही घेऊन टाका. पत्रात यजमानांच्या सगळ्या औषधांची यादी आहे, तुमच्या गुडघ्यांना मात्र शेवटची एक ओळ मिळालीय.